सोलरचा कोर्स: शिकवतात एक नंबर, पण नोकरी घेताना बघून घ्या

दोन महिन्यांचा सोलर पॅनल बसवायचा कोर्स नुकताच संपवला, बरेच जण विचारतायत की करू का, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतो. संस्थेचं नाव देत नाहीये कारण पुढे तक्रारही आहे. मी मुळात वायरमन, बारा वर्षं घरांची वायरिंग केली, त्यामुळे वीज मला नवी नव्हती असं मला वाटत होतं.

आधी चांगलं सांगतो आणि ते खरंच भरपूर आहे. फळ्यावर कमी, हातात जास्त. तिसऱ्याच दिवशी १२ पॅनलची एक स्ट्रिंग, म्हणजे एकापुढे एक जोडलेली माळ, जोडायला लावली. पॅनलच्या मागच्या लेबलवर ४९ व्होल्ट लिहिलेले, म्हणजे बाराचे ५८८ व्हायला पाहिजेत, आणि माझ्या मीटरवर आले ५५१. मी दोनदा कनेक्शन तपासलं, एखादं पॅनल खराब आहे की काय असं वाटलं. सर म्हणाले पॅनलच्या मागे हात लाव. चांगलंच तापलेलं होतं. लेबलवरचा आकडा २५ डिग्रीचा असतो, पॅनल त्याच्यावर तापलं की प्रत्येक डिग्रीमागे साधारण पाव टक्का व्होल्टेज उतरतं, आणि थंडीत नेमकं उलटं, वाढतं, म्हणून एका स्ट्रिंगमध्ये किती पॅनल घ्यायची हे वर्षातल्या सगळ्यात थंड दिवसाचा हिशोब करून ठरवायचं, नाहीतर इन्व्हर्टर, म्हणजे पॅनलची वीज घरात वापरता येईल अशी करणारं यंत्र, जळू शकतो. हे पुस्तकात वाचून डोक्यात बसलं नसतं, हाताला चटका लागला आणि बसलं.

दुसरी गोष्ट म्हणजे डीसीची, पॅनलमधून येणाऱ्या एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेची भीती, जी प्रत्येक जुन्या वायरमनला बसलीच पाहिजे. घरातली ५० हर्ट्झची एसी सेकंदाला १०० वेळा शून्यावर येते, त्यामुळे ठिणगी पडली तरी विझायला तिला संधी मिळते, डीसी शून्यावर येतच नाही, ठिणगी धरून ठेवते. काचेच्या पेटीत चालू सर्किटचा कनेक्टर ओढून दाखवला तेव्हा सगळी बॅच गप्प झाली होती. आणि इन्व्हर्टर बंद केला म्हणजे झालं असं नाही, ऊन आहे तोवर पॅनलकडून येणाऱ्या तारेत व्होल्टेज असतंच. क्रिंपिंग, म्हणजे तारेच्या टोकावर धातूची टोपी दाबून बसवणं, त्याचं सुद्धा तसंच, दाबून झालं की तार ओढून बघायचीच. माझं पहिलं क्रिंप ओढल्यावर सटकन निघून आलं, छपरावर असतं तर तो सांधा महिनोनमहिने तापत राहिला असता आणि कुणाला कळलंही नसतं. त्या दिवशी मी चाळीस क्रिंप करूनच उठलो.

आता जिथे मन दुखलं ते. वर्गात हार्नेस, म्हणजे उंचावरून पडू नये म्हणून अंगाला बांधायचा पट्टा, घातल्याशिवाय सर शिडीला हात लावू देत नव्हते. शेवटच्या पंधरा दिवसांत साइटवर पाठवलं, तिथल्या ठेकेदाराकडे सहा माणसांत दोन हार्नेस, आणि तेही गाडीतच पडून होते कारण घालायला वेळ जातो म्हणे. २० किलोच्या वरचं पॅनल दोघांनी धरून उतरत्या छपरावर न्यायचं, वाऱ्याने ते शिडासारखं ओढलं जातं, आणि कमरेला काही नाही. मी नाही चढलो, हार्नेस मागून घेतला, तर उद्यापासून येऊ नकोस असं ऐकावं लागलं. संस्थेला सांगितलं तर म्हणे साइटवरचं आमच्या हातात नाही. हे उत्तर मला अजिबात पटलेलं नाही. माणसं तुम्ही पाठवता ना?

कोर्सच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरात ग्रीन जॉब लिहिलंय म्हणून हे जास्त लागलं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना ग्रीन जॉब कशाला म्हणते, तर जे काम पर्यावरण राखतं किंवा सुधारतं आणि शिवाय माणसाला शोभेल असं आहे, म्हणजे पगार बरा, काम सुरक्षित, कामगाराचे हक्क शाबूत. यातलं दुसरं अर्धं जाहिरातवाले सरळ गाळतात. नोकरी म्हणून मला जे दाखवलं ते पॅनलमागे पैसे, विमा नाही, काम असेल तेव्हा फोन करू. असल्या कामावर माणूस किती वर्षं टिकणार, आणि शिकलेला माणूस सोडून गेला की पॅनल कच्च्या हातांनी बसतात, दोन पावसाळ्यांत गळती नाहीतर आग, मग लोक म्हणतात सोलरच बेकार. म्हणजे कामगाराची हेळसांड झाली की पर्यावरणाचं कामही बिघडतं, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

काम नाहीये असं मात्र नाही. याच संघटनेने २०१८ मध्ये अंदाज मांडला होता की तापमानवाढ रोखायची पावलं उचलली तर २०३० पर्यंत जगात २ कोटी ४० लाख नवीन कामं तयार होतील आणि ६० लाख जातील. अक्षय ऊर्जेत २०१२ ला ७३ लाख लोक होते, २०२३ ला १ कोटी ६२ लाख, त्यात सगळ्यात जास्त सोलर पॅनलमध्ये. पण ते जाणारे ६० लाख पण कुणीतरी माणसंच आहेत. आमच्या बॅचला एक काका होते, पन्नाशीचे, आयुष्यभर डिझेल जनरेटर दुरुस्त केलेले, काम आटलं म्हणून आले. मोटारचा आवाज ऐकून दोष सांगणारा माणूस, पण मोबाईल ॲपवर इन्व्हर्टरचे रीडिंग घेताना अडायचे, आणि त्यांच्यासाठी वेगळा तासभर कुणी काढला नाही. आम्ही दोघं संध्याकाळी बसायचो, मी ॲप दाखवायचो, ते मला बेअरिंग शिकवायचे. अशा माणसांसाठी आधीचे चार दिवस वेगळे ठेवले तर कोर्स दुप्पट चांगला होईल.

अजून एक कमी म्हणजे देखभाल दीड दिवसात उरकली. पॅनल २५ वर्षं चालतं, बसवायचं काम दोन दिवसांचं, मग कायमची रोजीरोटी देखभालीतच आहे ना? जुनी पॅनल काढून त्यातली काच, ॲल्युमिनियम वेगळं करणं यावर तर एक शब्द नाही.

फी भरण्याआधी मागच्या बॅचच्या दोघातिघांशी बोला, आणि विचारा की साइटवर हार्नेस मिळाला का, पगार महिन्याचा की पॅनलमागे, विमा कुणाच्या नावाने. संस्थेने फोन नंबर द्यायला टाळाटाळ केली तर पुढे बघा.

माझ्याकडून शिकवण्याला पाचपैकी साडेचार, नोकरीच्या मदतीला दीड. मी सध्या एका देखभालीच्या टीममध्ये लागलोय, महिन्याचा पगार आहे, हार्नेस स्वतःच्या नावाचा आहे. संस्थेला लेखी दिलंय की हार्नेस नसलेल्या ठेकेदाराकडे पोरं पाठवू नका, पुढच्या बॅचपासून बघतो म्हणालेत. बदललं तर इथेच येऊन रेटिंग वाढवेन.