घोडे वाढवून देतो म्हणाला

गेल्या वर्षी गणपतीनंतर माझे १ लाख ३५ हजार रुपये गेले. कुणी खिसा कापला नाही. निम्मे मी स्वतः मोबाइलवरून पाठवले, उरलेले रोख मोजून दिले आणि वर समोरच्याला चहाही पाजला. जुन्या गाडीला थोडक्या पैशात जोर आणायचा किडा ज्यांच्या डोक्यात वळवळतोय, त्यांनी एवढं वाचाच.

गाडी मामाची. १९६९ची एमजी मिजेट, दोनच सीटची, उघड्या टपाची. इंजिन १२७५ सीसी, नवी होती तेव्हा ६५ घोड्यांची, म्हणजे हॉर्सपॉवरची. आज साधी हॅचबॅकसुद्धा याच्या पुढे निघून जाते. पण गाडीचं वजन जेमतेम सातशे किलो आणि आपण बसतो जवळजवळ रस्त्यावर, त्यामुळे साठचा वेगही शंभरचा वाटतो. मामा गेल्यावर ती पार्ल्यात बिल्डिंगखाली ताडपत्री पांघरून उभी होती. मामीने चावी दिली आणि "विकू नकोस हो" एवढंच म्हणाली.

चार रविवार चालवली आणि हाव सुटली. ईस्टर्न फ्रीवेवर एक टॅक्सी आरामात ओव्हरटेक करून गेली, तेव्हा ठरवलं, पिकअप वाढवायचाच.

ओळखीतून एक ट्यूनर मिळाला. देवगडकडचा निघाला, म्हणजे मामाच्या गावापासून दोन डोंगर पलीकडचा. "दादा, मामांची गाडी म्हणजे माझ्या घरचीच." इथेच मी विरघळलो. त्याने बोटं मोडत कामं सांगितली: हेडचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचं, फेसिंग करू, म्हणजे ते खालून घासून सिलिंडरमधला दाब (कॉम्प्रेशन) वाढवू, पोर्टिंग करून त्याची भोकं मोठी करू, व्हॉल्व्ह उघडणारा रेसिंगचा कॅम टाकू आणि पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या दोन छोट्या एसयू कार्बोरेटरऐवजी एक मोठा वेबर चढवू. "पेटीबंद, इटलीचा. वीस घोडे सहज वाढवून देतो."

तीन आठवड्यांचे अडीच महिने झाले. अधूनमधून व्हॉट्सॲपवर फोटो यायचे, घासूनपुसून चकचकीत केलेल्या हेडचे. मी ते ऑफिसात दाखवत सुटलो. आता ते फोटो उघडले की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते. मिजेटच्या हेडला आत हवा घेणारी भोकं दोनच असतात, दोन-दोन सिलिंडर मिळून एक, आणि धुराची तीन. सगळी एकाच बाजूला. फोटोतल्या हेडला हवेचीच चार होती. कुठल्या गाडीचं होतं देव जाणे! पुस्तकात पाच भोकांचं चित्र मी शंभरदा पाहिलेलं, पण फोटोतली मोजली नाहीत.

गाडी घरी आली ती गर्जत. सोसायटीचा वॉचमन दचकून उठला. मला वाटलं, विमान झालंय. नवा सायलेन्सर, एअर फिल्टर काढलेला, त्यामुळे हवा ओढताना वेबर असा काही हुंकारायचा की ॲक्सिलरेटर दाबल्याबरोबर अंगावर काटा. महिनाभर मी खरंच समजत होतो की गाडी वेगवान झालीय. कान डोळ्यांना सहज फसवतात, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं.

भांडं फोडलं मामाच्या वहीने. मामा बँकेतला, नोंदी ठेवायचा. तिसऱ्या गिअरमध्ये ३० मैलांवरून ५० मैलांवर जायला सव्वासात सेकंद, असं त्याने १९८४ साली लिहून ठेवलं होतं. एका पहाटे पाम बीच रोडवर मुलाला शेजारी बसवून मोबाइलवर वेळ लावली. साडेआठ. परत लावली. साडेआठच. पंधरा दिवसांनी बोरघाटात गाडी नॉकिंग करत, म्हणजे इंजिनात ठकठक होत, तापली आणि खोपोलीला टो करून आणावी लागली.

मग ठाण्याच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे नेली. त्यांनी अर्ध्या तासात सगळं उघडं पाडलं. प्लग काजळीने काळेकुट्ट. ठिणगीचं टायमिंग भलतंच ॲडव्हान्स, वेळेच्या खूप आधी, म्हणजे सुरुवातीला जरा झटका जाणवावा. मग त्यांनी हेडच्या कडेला जाडी मोजायचा व्हर्नियर लावला. या हेडची मूळ जाडी पावणेतीन इंच असते, फेसिंग केलं की ती कमी भरायला हवी. ती बरोबर पावणेतीन भरली. "आणि हे बघा," म्हणत त्यांनी हेडच्या नटांवर टॉर्च मारला. जुना रंग शाबूत, पान्याचा एकही ओरखडा नाही. हेड कधी निघालंच नव्हतं. डायल गेज लावून पाहिलं, कॅमही मूळचाच. वेबरच्या झाकणावरची अक्षरं वितळल्यासारखी पुसट, स्क्रू मेणासारखे. वेबरचं उत्पादन १९९२ सालीच इटलीतून स्पेनला गेलंय, मग हा नवा, पेटीबंद इटलीचा आला कुठून? नक्कल होती. आणि खरा असता तरी मूळ हेडवर, मूळ कॅमवर त्याचा काय उपयोग? तेवढ्या इंजिनाला जुने दोन एसयू पुरेसे होते.

ते एसयूच गायब होते, हे माझ्या डोक्यात तेव्हा शिरलं.

ट्यूनरच्या गॅरेजवर गेलो. "ते भंगारात गेले दादा." बिल मागितलं तर साडेचार हजारांचं दिलं, "ट्यूनिंग व इतर". पोलिसांत जाईन म्हटल्यावर भाऊंचा सूरच बदलला. "जा ना. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ माहितीय ना? मॉडिफिकेशन तुम्हीच करायला सांगितलंत." त्यातही खोच होती. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना २०२१पासून व्हीए मालिकेचा व्हिंटेज नंबर मिळतो, पण गाडी मूळ रूपात हवी, इंजिनातही मोठे बदल चालत नाहीत. मी त्यासाठी अर्ज करणार होतो, हे मीच त्याला पहिल्या दिवशी कौतुकाने सांगितलं होतं. त्याने तोच पत्ता शेवटपर्यंत राखून ठेवला. न केलेल्या कामाची भीती घालून मला गप्प बसवलं, आणि मी आठ दिवस खरोखर गप्प बसलोही. शेवटी मुकाट २० हजार परत घेतले.

पुढचं थोडक्यात. एसयूची दुसरी जोडी पुण्याहून ३१ हजारांना आणली. ठाण्याच्या काकांनी इग्निशनच्या पॉइंटची फट पंधरा थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), व्हॉल्व्हच्या टॅपेटची बारा थाउ सेट केली, टायमिंग जागेवर आणलं, ई-२० (वीस टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलने फुगलेले रबरी पाइप बदलले. मजुरीसकट ६,२०० रुपये, आणि प्रत्येक जुना भाग पिशवीत घालून हातात दिला. पाम बीच रोडवर आता सात सेकंद. मामापेक्षा पाव सेकंद कमी, तेही नव्या टायरांमुळे असावं असं काका म्हणतात.

मामाची ती जोडी मात्र अजून मिळालेली नाही. चोर बाजारात दोनदा फिरलो, कुर्ल्याला सीएसटी रोडची दुकानंही पालथी घातली. दोन्ही एसयू सव्वा इंची आहेत, डाव्याच्या डॅशपॉटवर, म्हणजे वरच्या घुमटावर, मामाने खिळ्याने कोरलेला बारीक 'व' आहे. कुणाच्या पाहण्यात आली तर किंमत विचारून ठेवा, मी घेईन.