एसीचा गॅस गेज बघून नाही, काट्यावर तोलून भरून घ्या

एसी गार करत नाही म्हणून गाडी दाखवायला नेली की पाच मिनिटांत निदान होतं: "गॅस संपलाय." निळा पाइप जोडतात, सुई वर सरकते, गार वारा लागतो, पूर्ण गॅसचे पैसे घेतात. थोड्याच दिवसांत एसी पुन्हा कोमट. मुळात गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. इतक्या लवकर कमी झाला, तर तो गळतोय. कंडेन्सरच्या (गाडीच्या पुढच्या बाजूला गॅस थंड करणारी जाळी) जोडापाशी धूळ चिकटलेला तेलकट काळा डाग दिसला, तर बहुतेक वेळा गळती तिथेच असते. जोडातली रबरी ओ-रिंग न बदलता भरलेला गॅस त्याच वाटेने जाणार.

दाब दाखवणाऱ्या गेजवर मुळीच भुलू नका. एसी बंद असताना ३० अंशांना आर-१३४ए चा (बऱ्याच गाड्यांच्या एसीतला गॅस) दाब साधारण ९७ पीएसआय (दाबाचं एकक) असतो. आत द्रवरूप गॅस शिल्लक आहे तोवर तो कमी असो वा पुरेसा, सुई तिथेच थांबते. चालू एसीत दाब उन्हावर आणि पंख्यावर हलतो. म्हणून वजन हाच पुरावा. बॉनेटखालच्या स्टिकरवर गॅसचा प्रकार आणि ग्रॅम छापलेले असतात. जास्त भरला तरी दाब चढून कूलिंग घटतं, कॉम्प्रेसर बसू शकतो.

नीट काम करणारा आधी उरलेला गॅस मशीनने काढून तोलतो. मग कोरडा नायट्रोजन भरून, साबणाचा फेस लावून गळती शोधतो. दुरुस्तीनंतर पंपाने आतली हवा आणि ओल खेचून निदान अर्धा तास व्हॅक्यूम, मग पंप बंद करून दहा मिनिटं सुईवर लक्ष. सुई चढली तर काम अजून बाकी आहे. व्हॅक्यूम टाळला की आत राहिलेला ओलावा एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये (गॅसचा दाब उतरवणारी बारीक वाट) गोठतो, शिवाय आम्ल तयार होऊन धातू खातो.

याहून घातक फसवणूक सिलिंडरमध्येच असते. १३४ए म्हणून प्रोपेन-ब्युटेनचं मिश्रण भरतात. गारवा झकास मिळतो, त्यामुळे संशयही येत नाही. पण कूलिंग कॉइल डॅशबोर्डच्या आत असते. तिथे गळती झाली की ज्वालाग्राही वायू केबिनमध्ये. आर-४० (मिथाइल क्लोराइड) मिसळलेला गॅस तर आतल्या अॅल्युमिनियमशी संयोग पावून हवा लागताच पेटणारं रसायन बनवतो. २०११ मध्ये शीतकंटेनरांच्या (माल गार ठेवून नेणारे जहाजी कंटेनर) यंत्रांचे असेच स्फोट होऊन कामगार दगावले. ही भेसळ गेजवर दिसत नाही. त्यासाठी गॅस ओळखणारं यंत्र लागतं. ते आहे का, हे भरण्याआधीच विचारा.

पैसे वाचवायला घरी गॅसचा कॅन लावणाऱ्यांनी लाल टोपीच्या, म्हणजे जास्त दाबाच्या बाजूच्या पोर्टला हात लावू नये. चालू एसीत तिथला दाब २०० पीएसआयच्या वर जातो आणि उलटा शिरून कॅन फोडतो. उणे २६ अंशांना उकळणारा हा द्रव डोळ्यात उडाला तर इजा कायमची होऊ शकते, तेव्हा गॉगल आणि हातमोजे आधी. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीला तर घरी हातच लावू नका: गॅससोबत चुकीचं तेल आत गेलं तर विजेवर चालणाऱ्या कॉम्प्रेसरचं विद्युतरोधन बिघडतं.