मुळशीतला चिखल, माझी थार आणि रद्द झालेला ओढा

एका ऑफ-रोड क्लबचा नवशिक्यांसाठीचा रविवार होता, म्हणजे रस्ता सोडून चिखला-दगडांतून गाडी चालवायला शिकायचं. क्लबच्या काकांनी वेळूची काठी ओढ्यात उभी धरली होती आणि आम्ही चौदा गाड्यांची माणसं रेनकोट घालून काठावर उभी होतो. काठीला खालून बरोबर ६५ सेंटिमीटरवर लाल चिकटपट्टी गुंडाळलेली. थारसाठी कंपनीने दिलेली पाण्याची मर्यादा ६५० मिलिमीटर आहे, म्हणून ती खूण. सकाळी आठला पट्टी पाण्याच्या चार बोटं वर होती. साडेदहाला ती दिसेनाशी झाली. काका काठी घेऊन वर आले आणि म्हणाले, "ओढा बंद. आज कुणी उतरणार नाही."

बरीच कुरकुर झाली. जाहिरातीत सगळ्यात मोठा फोटो ओढ्याचाच होता आणि एका गाडीमागे ३,५०० रुपये प्रत्येकाने मोजले होते. एक जण म्हणाला, माझी गाडी उंच केलेली आहे, इंजिनाची हवा छतापाशी घेते, मला जाऊ द्या. काकांनी त्याला बाजूला नेऊन शांतपणे समजावलं. साचलेल्या पाण्यातले ६५० आणि वाहत्या पाण्यातले ६५० एक नव्हेत. पाणी गाडीला बाजूने ढकलतं, चाकांवरचं वजन कमी होतं आणि तळाचे धोंडे रात्रीतून कुठे सरकलेत ते गढूळ पाण्यात दिसत नाही. वर डोंगरात पाऊस चालूच होता. तो माणूस काही वेळ घुश्शात होता, पण उतरला नाही.

हे सगळं लिहायला बसले ते त्या एका निर्णयामुळे. क्लबचं नाव देत नाही, कारण पुढे काही तक्रारीही आहेत आणि त्या मी त्यांच्या तोंडावर सांगितल्या आहेत. पण पावसाळ्यात पुण्याच्या आसपास असले रविवार भरवणारे बरेच क्लब आहेत. पैसे भरण्याआधी काय पाहायचं, काय विचारायचं, हे नव्या माणसाला कळावं.

मी चिंचवडला एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. दिवसभर हातात व्हर्नियर नाहीतर गेज. २०२१ ची डिझेल मॅन्युअल थार घेतली तेव्हा घरचे म्हणाले होते, एवढी गाडी कशाला? तीन वर्षांत कोकण झालं, भंडारदरा झालं, पण तो छोटा लिव्हर 'फोर लो'मध्ये, म्हणजे चारही चाकांना सावकाश पण भरपूर जोर देणाऱ्या गिअरमध्ये, एकदाही टाकला नव्हता. ज्यासाठी गाडी घेतली ते कधी शिकलेच नाही, ही सल होती. म्हणून 'नवशिक्यांसाठी' हा शब्द वाचून नाव दिलं आणि वीस वर्षांच्या भाच्याला सोबत घेतलं.

सकाळी साडेसहाला पिरंगुटच्या पुढे एका पेट्रोल पंपावर जमायचं होतं. श्रावणातला रविवार, ताम्हिणीकडे निघालेल्या गाड्यांची रांग आधीच लागलेली. आम्ही पौड ओलांडून मुख्य रस्ता सोडला आणि एका शेतकऱ्याच्या खाजगी रानात शिरलो. जागा क्लबने पैसे देऊन घेतली होती आणि शेतकरी स्वतः तिथे हजर होता, हे मला फार महत्त्वाचं वाटलं. पावसाळ्यात कुणाच्याही माळावर, सड्यावर गाड्या घालणारे मी पाहिले आहेत. सड्यावर खडकावरचा मातीचा थर जेमतेम बोटभर असतो आणि वर्षातले थोडेच आठवडे तिथे दवबिंदू, सीतेची आसवं अशी फुलं येतात. तिथे एक चाक फिरलं की तो थर गेला. या क्लबने पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं की आखलेल्या वाटेबाहेर चाक गेलं तर त्या गाडीचा दिवस तिथेच संपेल.

मग तपासणी. ती पाऊण तास चालली आणि मला मनापासून आवडली. प्रत्येक गाडीचे पुढचे-मागचे टो हुक (अडकलेली गाडी ओढायचे) हाताने हलवून पाहिले, बॅटरी घट्ट बसवली आहे का ते पाहिलं, आतलं सुटं सामान काढायला लावलं. आमच्या मागच्या सीटखालची स्टीलची पाण्याची बाटलीसुद्धा. चढावर ती गडगडत ब्रेकच्या पेडलखाली आली तर काय, असा सरळ प्रश्न. मग टायरची हवा ३२ वरून १८ पीएसआयवर आणली. हवा कमी केली की टायर जमिनीवर पसरतो, लांबट होतो, धोंड्याला बिलगतो. हे वाचलेलं होतं. पण कमी हवेचा टायर पहिल्या दगडावरून गेला तेव्हा पाठीला बसणारा दणका खरंच मऊ झालेला जाणवला.

काका म्हणजे मुख्य मार्शल. दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये आयुष्य काढून निवृत्त झालेले, स्वतःची जुनी एमएम ५४०, महिंद्राची जीप. बोलणं कमी आणि प्रत्येक वाक्य कामाचं. पहिला धडा अंगठ्याचा. स्टिअरिंगच्या आत अंगठा घालायचा नाही, बाहेर ठेवायचा. चाक दगडावर आपटलं की स्टिअरिंग झटक्यात फिरतं आणि अंगठा मोडतो. दुसरा धडा उताराचा. फोर लो, पहिला गिअर, क्लच आणि ब्रेक दोन्हींवरून पाय बाजूला. सात-आठ मीटरचा लाल मुरमाचा उतार, वरून पाहिल्यावर पुढे नुसतं बॉनेट आणि आभाळ. पाय आपोआप ब्रेककडे जातो. "ताई, पाय खाली. इंजिन धरून ठेवतंय तिला," काका बाहेरून म्हणाले. आणि खरंच, गाडी म्हातारी बाई जिना उतरावी तशी एकेक पाऊल टाकत खाली आली. खाली पोचल्यावर माझ्या लक्षात आलं की मी श्वास रोखून धरला होता.

चढावर गाडी बंद पडली तर काय करायचं, याचा तर त्यांनी मुद्दाम सराव करून घेतला. अर्ध्या चढावर इंजिन बंद करायला लावलं. ब्रेक घट्ट, क्लच दाबून चालू, रिव्हर्स, क्लच पूर्ण सोडायचा आणि सरळ मागे. न्यूट्रलमध्ये सोडायची नाही आणि घाबरून आडवी वळवायची तर नाहीच, कारण आडवी झालेली गाडी उलटते. हे मी तीनदा केलं. तिसऱ्यांदा हात थरथरले नाहीत.

जिथे आडवेतिडवे खड्डे खणले होते तिथे डावं मागचं चाक हवेत उचललं गेलं आणि भरभर फिरायला लागलं. डिफरन्शियल म्हणजे डाव्या-उजव्या चाकाला इंजिनाचा जोर वाटून देणारे गिअर. साध्या डिफरन्शियलमध्ये दोन्ही चाकांना सारखाच जोर मिळतो. हवेतल्या चाकाला फिरायला काहीच लागत नाही, म्हणून जमिनीवरच्यालाही काहीच मिळत नाही आणि गाडी जागच्या जागी. मी अ‍ॅक्सिलेटर थोडा दाबून स्थिर धरला. मागून टक् असा आवाज आला, डिफरन्शियल लॉक झाला, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र फिरायला लागली, आणि गाडी बाहेर आली. कारखान्यात आयुष्यभर गिअर तपासले, पण आपल्याच गाडीतला गिअर आपल्यासाठी काम करताना ऐकणं वेगळं. आमच्या पुढच्या मारुती जिप्सीला असला लॉक नव्हता. ती अंगाने हलकी. चालवणाऱ्या मुलीने दोनदा मागे घेऊन वेगळी वाट धरली आणि ती आमच्याआधी पार. जिप्सीबद्दल एवढा जीव का टाकतात, ते त्या दिवशी कळलं.

अकरानंतर चिखलाचा पट्टा आला आणि पहिली तक्रार तिथलीच. नवशिक्यांच्या गटात उंच केलेल्या, मोठ्या टायरच्या चार गाड्याही होत्या आणि त्यांना आधी सोडलं. त्यांनी चिकण मातीत खोल चाकोऱ्या पाडल्या आणि मध्ये उंच वरंबा राहिला. आमच्या कंपनीतून आलेल्या गाडीची जमिनीपासून उंची २२६ मिलिमीटर. चाकोरीत हात घालून पाहिलं, कोपराच्या जरा खालपर्यंत गेला. गणित तिथेच चुकलेलं होतं. दहा फुटांवर गाडीचं पोट वरंब्यावर टेकलं आणि चारही चाकं रिकामी फिरायला लागली. क्रम उलटा हवा होता: साध्या गाड्या आधी, उंच गाड्या शेवटी. हे मी जेवताना सांगितलं. मान्य केलं त्यांनी, पण पैसे भरणाऱ्याने आधीच विचारून घ्यावं.

मात्र त्यानंतरचा अर्धा तास माझ्यासाठी त्या ३,५०० रुपयांतला सगळ्यात मोलाचा. मी आणखी थोडा अ‍ॅक्सिलेटर दिला तर भाचाच म्हणाला, "मावशी, थांब ना, काका हात वर करतायत." गाडी फिरवत राहिलं की ती स्वतःचा खड्डा खणते. इंजिन बंद. कुणीतरी लगेच दोर आणला, पण काकांनी आधी फावडं मागवलं. पोट टेकलेल्या गाडीला तसंच हिसकलं तर चिखल तिला धरून ठेवतो आणि सगळा ताण हुकावर येतो. दोन पोरांनी पोटाखालची माती काढली. मीही चिखलात गुडघे टेकून एक बाजू मोकळी केली. मग स्नॅच स्ट्रॅप. हा पट्टा रबरासारखा ताणला जातो आणि तो जोर परत देतो, म्हणून ओढणारी गाडी थोडा पट्टा सैल ठेवून निघते. पट्टा हुकाला जोडणारा शॅकल, म्हणजे पिनची लोखंडी कडी, मी हातात घेऊन पाहिला. त्यावर तो पेलू शकेल तो भार, ४.७५ टन, असा कोरलेला होता आणि पिन पूर्ण आवळून पाव फेरा मागे घेतली होती, म्हणजे ताण आल्यावर ती अडकून बसू नये. मागचा एक भला माणूस म्हणाला, माझ्या टो बॉलला बांधा. काकांचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा चढला. तो गोळा ट्रॉली ओढायला असतो. स्नॅचच्या हिसक्याने तुटला की तोफेच्या गोळ्यासारखा उडतो. पट्ट्यावर ओलं गोणपाट टाकलं, सगळ्यांना पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट लांब उभं केलं, भाच्यालासुद्धा. एमएम ५४० ने एकच दमदार ओढ दिली आणि मी बाहेर.

हे सामान आणि ही शिस्त ज्या क्लबकडे नाही, त्यांच्याबरोबर फुकटसुद्धा जाऊ नका. हात जोडून सांगते.

परतीच्या वाटेवर भाताची खाचरं होती. आवण (भाताची रोपं) लावून झालेली, कोवळी पोपटी. एका गाडीचं मागचं चाक बांधाच्या कोपऱ्यावरून गेलं आणि कोपरा ढासळून पाणी वाहू लागलं. आमचा सगळा ताफा थांबवला. त्या गाडीवाल्याला खाली उतरवून फावडं दिलं आणि शेतकऱ्याच्या घरच्या मावशींनी त्याला बांध कसा लिंपायचा ते दाखवलं. डोक्यावर प्लॅस्टिकचं इरलं घेऊन त्या पाण्यात उभ्या होत्या. "पायानं दाब, हातानं नाही," असं दोनदा म्हणाल्या. पाणी थांबेपर्यंत कुणी हललं नाही. हे पाहून मला या लोकांबद्दल जो विश्वास वाटला तो काठीच्या लाल पट्टीने वाटला होता तसाच.

जेवण शेतकऱ्याच्याच पडवीत. तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा आणि इंद्रायणीचा वाफाळता भात. चव उत्तम, पण एकला सांगितलेलं पान पावणेतीनला मिळालं, आणि तोपर्यंत गटातली दोन लहान मुलं रडकुंडीला आली होती. चौदा गाड्या एका दिवसाला जास्तच आहेत. निम्मा दिवस आपण दुसऱ्याची पाळी बघत भिजत असतो. आठ-नऊ गाड्या असत्या तर पाचशे रुपये जास्तही दिले असते.

सगळ्यात मोठी तक्रार बायकांच्या सोयीची. आम्ही सहा जणी होतो. ताडपत्रीचा एकच आडोसा, तोही पाचशे पावलांवर, चिखलातून, आत पाणी नाही, कडी नाही. जाहिरातीत 'कुटुंबासह या' लिहायचं आणि हे? हे मी अगदी स्पष्ट बोलले. चिखलात माखायला आम्ही तयार असतो, ताटकळायला नाही.

शेवटी टायरमध्ये हवा भरायला सगळ्यांत मिळून एकच कॉम्प्रेसर. चौदा गाड्या, छप्पन्न टायर. निघायला सहा वाजले. १८ पीएसआयवर डांबरी रस्त्याने घरी जायचा विचारही करू नये, टायर तापतो आणि वळणावर रिमवरून निघू शकतो, म्हणून थांबावंच लागतं.

घरी आल्यावरचा खर्चही धरा. दुसऱ्या दिवशी गाडी लिफ्टवर घेऊन खालून धुतली तेव्हा निघालेला चिखल दोन घमेली होता. ब्रेकमधून करकर येत होती ती चाकं काढून धुतल्यावर गेली. डावं फूटस्टेप वाकलं आहे, ते काढून ठेवलं. मेकॅनिकला अ‍ॅक्सलचं तेल बघायला लावलं. पाणी शिरलं असतं तर ते दुधट झालं असतं, तसं नव्हतं.

पुढची फेरी भातकापणीनंतर, नोव्हेंबरात आहे. गाड्या दहाच घेणार आणि साध्या गाड्या आधी सोडणार, असं त्यांनी कळवलं आहे. शौचालयाचं उत्तर अजून आलेलं नाही. ते आलं की आमची नावं देईन. स्वतःचा बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर घेतला आहे. आणि भाच्याने वेळूची एक काठी आणून तिला लाल पट्टी गुंडाळून मागच्या सीटमागे ठेवली आहे. बरोबर ६५ सेंटिमीटरवर, मी टेप लावून मोजली.