मेंटेनन्सची नोकरी: फाउंड्री घ्यायची की मशीन शॉप?

हातात दोन ऑफर असल्या, एक फाउंड्रीची (धातू वितळवून वाळूच्या साच्यात ओततात तिथली) आणि एक मशीन शॉपची (मशीनवर धातूचे पार्ट कापून अचूक मापाचे करतात तिथली), की बरेच जण नुसता पगार बघून ठरवतात आणि सहा महिन्यांनी कुरकुरत बसतात. मी दोन्हीकडे नट-बोल्टचे पाने फिरवलेत, त्यामुळे जे बघितलं ते सांगतो.

मशीन शॉपमध्ये सगळं भांडण मायक्रॉनचं, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचं. स्पिंडलचा (मशीनचा फिरणारा मुख्य दांडा) रनआऊट म्हणजे डगमग, बॉलस्क्रूचा (टेबल सरकवणारा स्क्रू) बॅकलॅश म्हणजे ढिलेपणा, डायलचा काटा जरा हलला की जॉब रिजेक्ट. फाउंड्रीत भांडण वाळूशी. ती कन्व्हेअरच्या रोलरमध्ये जाते, सिलेंडरच्या रॉडवर बसते, लिमिट स्विचच्या आत शिरते, डब्यातल्या जेवणात पण सापडते. सॅंड प्लांटमधल्या (साच्यांची वाळू तयार होते तिथल्या) बेअरिंगचं सील गेलं की ते थोड्याच दिवसांत खडखडायला लागतं, म्हणून हळू फिरणाऱ्या बेअरिंगला ग्रीस देताना हात आखडायचा नाही, सीलमधून जुनं काळं ग्रीस बाहेर येईस्तोवर द्यायचं, त्याच्याबरोबर वाळू पण बाहेर येते. आणि हीच सवय घेऊन हायस्पीड स्पिंडलकडे गेलात तर वाट लागली, तिथे ग्रीस जास्त झालं की बेअरिंग तापून बाद.

ब्रेकडाऊनचा ताण फाउंड्रीत जास्त, यात वादच नाही. मशीन शॉपमध्ये एक मशीन बंद पडलं तर शेजारची चालू असतात, शांतपणे अलार्म नंबर बघून मॅन्युअल उघडता येतं. फाउंड्रीत मोल्डिंग लाइन (साचे बनवणारी लाइन) थांबली तर लाडलमधला (ओतायच्या भांड्यातला) वितळलेला धातू तुमच्यासाठी थांबत नाही, तो गार होत जातो आणि मग पाठीमागे चार जण घड्याळ बघत उभे.

आता फर्नेस. इंडक्शन फर्नेसमध्ये कास्ट आयर्न साधारण 1400 ते 1500 अंशांवर असतं, भोवती पोकळ तांब्याची कॉइल, तिच्यातून पाणी फिरतंय, आणि मधे काय तर फक्त लायनिंग, म्हणजे उष्णता सोसणारा आतला थर. पाण्याची वाफ झाली की त्याला 1600 पटीच्या वर जागा लागते, त्यामुळे पाणी धातूखाली अडकलं की स्फोटच. वीज गेली तरी पाणी बंद करून चालत नाही, लायनिंगमधली उष्णता कॉइलकडे येतच राहते, म्हणून उंचावरची टाकी किंवा डिझेल पंप ठेवलेला असतो. एकदा लीकेजचा अलार्म (धातू लायनिंगमधून कॉइलकडे सरकतोय हे सांगणारा) वाजत होता आणि मला म्हणाले बायपास कर, ही एक हीट, म्हणजे धातूचा एक घाणा, काढू दे. मी नाही म्हणालो, दोन दिवस कोणी धड बोललं नाही. लायनिंग तोडल्यावर धातूची जीभ कॉइलजवळ आलेली दिसली तेव्हा मग चहा आला.

शिकायला म्हणाल तर फाउंड्रीत सगळंच हातात येतं, हायड्रॉलिक, न्यूमॅटिक, गिअरबॉक्स, क्रेन, वेल्डिंग, पण वरवर. मशीन शॉपमध्ये थोडं पण खोल. माझ्या मते आधी फाउंड्री करून मग मशीन शॉपला गेलेला माणूस घाबरत नाही, फक्त त्याची हातोडी काढून घ्यावी लागते 😄

शरीराचं मात्र गांभीर्याने घ्या. मशीन शॉपमध्ये कूलंटने हाताला खाज येते, ग्लोव्हज बदलून भागतं. फाउंड्रीत उकाडा आणि आवाज तर आहेच, पण नॉकआऊटजवळची (वाळूचा साचा फोडून कास्टिंग बाहेर काढतात तिथली) सिलिका, म्हणजे वाळूची बारीक धूळ, फुफ्फुसात बसली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. तोंडाला रुमाल बांधून ती धूळ अडत नाही, चेहऱ्याला घट्ट बसणारा रेस्पिरेटरच लागतो.

म्हणून फाउंड्रीची ऑफर घ्यायच्या आधी प्लांट फिरून बघा. डस्ट कलेक्टरचा ब्लोअर चालू असताना प्रेशर गेजचा काटा शून्यावर पडलाय का, प्रत्येक मेकॅनिककडे लॉकआऊटचं (काम चालू असताना मशीन कोणी चालू करू नये म्हणून स्विचला लावायचं) स्वतःचं कुलूप आहे का, हे न विचारता पण दिसतं. मी एका ठिकाणी इंटरव्ह्यूला गेलो तेव्हा सहज म्हटलं की इमर्जन्सीचा डिझेल पंप जरा चालू करून दाखवा. बॅटरी डेड होती. शिवाय टाकीत डिझेल पण नव्हतं. मी थँक्यू म्हणून निघालो, पगार तिथे चांगला होता.