बस्टर कीटनचा ब्लू-रे संच : सात महिन्यांच्या वापरानंतर

अमेरिकी विनोदी नट आणि दिग्दर्शक बस्टर कीटन याचे १९२० ते १९२८ या काळातले मूकपट एकत्र असलेला हा संच घेऊन सात महिने झाले. मी उत्साहाच्या भरात थेट ‘द जनरल’ला हात घातला, तो क्रम चुकला. आधी ‘वन वीक’ पाहावा. त्यात नवपरिणीत जोडपे सुट्या भागांचे घर उभारते, पण खोक्यांवरचे आकडे एकाने मुद्दाम बदलल्यामुळे ते वेडेवाकडे होते. शेवटी घर रुळांवर अडकते. समोरून येणारी गाडी शेजारच्या रुळावरून निघून जाते आणि आपण हुश्श म्हणतो, तोच उलट दिशेने आलेली दुसरी गाडी त्याचा चुराडा करते. कीटन ढिगाऱ्यावर ‘विकणे आहे’ची पाटी लावून बायकोसह चालू लागतो. चेहऱ्यावरची रेषाही हलत नाही. लहानपणी आईवडिलांबरोबर रंगमंचावर आदळआपट झेलताना, आपण हसलो की प्रेक्षक कमी हसतात, हे त्याने हेरले होते.

या संचाचा खरा उपयोग चित्र थांबवून पाहण्यात आहे. ‘स्टीमबोट बिल, ज्युनिअर’मध्ये घराची अख्खी दर्शनी भिंत त्याच्यावर कोसळते आणि उघड्या खिडकीच्या चौकटीतून तो सुखरूप वाचतो, तो प्रसंग मी चित्रफितीची एकेक चौकट पुढे सरकवत पाहिला, कुठेही कॅमेऱ्याची लबाडी नाही. ‘शेरलॉक ज्युनिअर’मध्ये टाकीच्या पाण्याचा लोट अंगावर येऊन तो रुळावर पडतो आणि लगेच उठून पळतो. त्या पडण्यात मानेचे हाड मोडले होते, हे त्याला कित्येक वर्षांनी कळले.

दृश्यांच्या मधे येणाऱ्या संवादांच्या पाट्या इंग्रजीत असल्या तरी सासूबाईंचे काही अडले नाही, कारण कीटन पाट्या मुळातच कमी वापरी. तक्रार आहे ती संगीताची: काही लघुपटांना दिलेला वाद्यवृंद इतका आग्रही आहे की मी आवाज बंदच ठेवतो. एक डिस्क मधेच अडकत होती. विक्रेत्याने ती बदलून देण्यात पाच आठवडे घालवले.

संच १९२८ला थांबतो, हेही खटकते. त्याच वर्षी तो मेट्रो-गोल्डविन-मेयर या बड्या स्टुडिओत गेला, हळूहळू स्वातंत्र्य गमावून बसला, दारूत बुडाला आणि १९३३मध्ये नोकरीही गेली. पण तो पुढेही काम करत राहिला. १९५२च्या ‘लाइमलाइट’मध्ये चॅप्लिनसोबतचा त्याचा प्रवेश पाहण्यासाठी मला वेगळी डिस्क घ्यावी लागली.