लिली की मार्शल? दोघांच्या बॉलिंगचा व्हिडिओ संच बघितला

ऑस्ट्रेलियाचा डेनिस लिली आणि वेस्ट इंडिजचा माल्कम मार्शल, या दोन फास्ट बॉलरचे जुने स्पेल (सलग टाकलेल्या ओव्हर) एकत्र असलेला हा संच दोन रात्रीत संपवला, आणि पैसे वसूल झाले एवढं आधीच सांगतो. लिलीचा भाग भारीच आहे, १९७३ मध्ये पाठीची हाडं मोडली, सगळ्यांना वाटलं संपला, आणि १९७४-७५ च्या अॅशेसमध्ये, म्हणजे इंग्लंडविरुद्धच्या टेस्ट सिरीजमध्ये, हा माणूस दुसरा फास्ट बॉलर जेफ थॉमसनच्या जोडीला परत उभा! मेलबर्न १९८१ पण आहे, दिवसाच्या शेवटच्या बॉलवर वेस्ट इंडिजच्या व्हिव्ह रिचर्ड्सचा त्रिफळा, ते मी चार वेळा मागे घेऊन बघितलं.

पण माझं मत मार्शलला. उंची फार नाही, रनअप तिरका आणि पळतच यायचा, तरी त्याचा बाऊन्सर अंगावर यायचा कारण हात इतका जोरात फिरायचा की बॅट्समनला वेळच नाही. इंग्लंडमधली हेडिंग्ले टेस्ट, १९८४, डाव्या अंगठ्याला फ्रॅक्चर, एका हाताने बॅटिंग केली म्हणून समोरच्या लॅरी गोम्सचं शतक झालं, आणि मग प्लास्टर लावून ५३ रनमध्ये ७ विकेट, हे बघताना अंगावर काटा येतो राव. मार्शलच्या ८१ टेस्टमध्ये ३७६ विकेट, सरासरी (एका विकेटमागे दिलेले रन, कमी तितकं चांगलं) २०.९४. लिलीच्या ७० टेस्टमध्ये ३५५, सरासरी २३.९२.

प्रिंट काही ठिकाणी धूसर आहे आणि कॉमेंटरीचा आवाज फारच बारीक, हेडफोन लावूनच बघा. आणि मार्शलचे भारतातले स्पेल फार कमी घेतलेत, १९८३-८४ ची सिरीज जास्त हवी होती.