कूलर घ्यावा की एसी? वीजबिलाच्या हिशेबाने

चंद्रपूरच्या मावसबहिणीचा प्रश्न आहे: यंदा जुना कूलर दुरुस्त करावा, की हप्त्यावर एसी घ्यावा?

आधी वीज. मोठा कूलर साधारण 200 वॅटचा, म्हणजे दहा तासांत 2 युनिट. दीड टनाचा इन्व्हर्टर एसी तासाला सरासरी एक युनिट धरा. रात्री आठ तास चालवला की महिन्याला 240. शिवाय महावितरणचे दर टप्प्याटप्प्याने चढतात. पंखे, फ्रिज धरून 300 युनिट ओलांडले की पुढचं प्रत्येक युनिट बरंच महाग पडतं. खरा फटका तिथे बसतो.

पाण्याचं मात्र उलटं. भर मे महिन्यात कूलरला दिवसाला शंभरेक लिटर सहज लागतं. टँकरवर अवलंबून असाल तर तोही खर्चच. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासायची, नाहीतर डेंग्यूचे डास होतात. ताट्या दर उन्हाळ्याला बदलायच्या.

आणि हवामान! कूलर कोरड्या हवेतच गार करतो, तोही खिडकी उघडी असेल तर. मुंबई-रत्नागिरीच्या दमट उकाड्यात तो नुसता चिकचिकाट वाढवतो.

म्हणून विदर्भ-मराठवाड्यात पाणी पुरेसं असेल तर बिनधास्त कूलर. मावसबहिणीनेही तोच दुरुस्त करावा. कोकणपट्टीत, पाणीटंचाईत किंवा घरात दम्याचा रुग्ण असून ओलावा सोसत नसेल तर एसी घ्या. 26 अंशांवर ठेवा, सोबत पंखा लावा.